बीपीएफमध्ये ‘थ्रो’ आहे, ‘कॅच’ नाही

गैरसमज: व्हेरिफायरने पास केलेल्या प्रोग्रॅमला एक्सेप्शन कशाला हवं?

बीपीएफ प्रोग्रॅम लिनक्स कर्नेलच्या आत चालतो, म्हणून लोड होतानाच व्हेरिफायर त्याच्या सगळ्या वाटा तपासतो. भलत्या मेमरीला हात लागणार नाही आणि प्रोग्रॅम कधीतरी संपेल, एवढी हमी त्यातून मिळते. पण ‘हा इंडेक्स ६४च्या आतच असतो’ हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असलं तरी व्हेरिफायरला पटवणं कधी कधी फार जड जातं. आतल्या फंक्शनमध्ये तपासणी घालायची, तर एरर कोड प्रत्येक फंक्शनमधून वर पोचवत बसावं लागे. जानेवारी २०२४मध्ये आलेल्या कर्नेलच्या ६.७ आवृत्तीपासून ‘बीपीएफ_थ्रो’ने हा व्याप वाचवला. अट मोडली तर फेका. उरलेल्या वाटेवर इंडेक्स मर्यादेत आहे, असं व्हेरिफायर धरून चालतो.

गैरसमज: हे सी++सारखंच आहे.

नाही. फेकलेलं अध्येमध्ये झेलण्याची सोयच नाही. थ्रो झाला की कर्नेल स्टॅकवरच्या फ्रेम एकामागून एक ओलांडत थेट मुख्य प्रोग्रॅमच्या फ्रेमपर्यंत जातो. मधल्या फंक्शनांतली एकही ओळ त्यानंतर चालत नाही. मग एक कॉलबॅक चालतं, तेही मुख्य प्रोग्रॅमच्याच फ्रेमवर. ही रचना मला फार देखणी वाटते. कर्नेलला जी रजिस्टरं जशीच्या तशी परत हवी असतात, ती सगळी जेआयटी कंपायलर अशा प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच स्टॅकवर जपून ठेवायला लावतो. त्यामुळे मधल्या फंक्शनांनी काय कुठे ठेवलं, याचा हिशेब करावाच लागत नाही. कॉलबॅक संपताना रजिस्टरं पूर्ववत होतात आणि प्रोग्रॅम नेहमीसारखा संपल्यागत कर्नेलकडे परततो. कॉलबॅक लिहिलेलं नसेल, तर थ्रोला दिलेला आकडाच प्रोग्रॅमचं उत्तर ठरतो.

गैरसमज: स्टॅक उलगडताना लॉक आणि रेफरन्स आपोआप सुटतात.

सगळ्यांत घातक समजूत हीच. ६.७मध्ये आलेल्या रचनेत अशी साफसफाई नाही. लॉक किंवा रेफरन्स हातात असताना थ्रोपर्यंत पोचणारी एक जरी वाट सापडली, तरी व्हेरिफायर प्रोग्रॅम नाकारतो. कर्नेलमध्ये अडकून राहिलेला लॉक अख्खं यंत्र थांबवू शकतो, हे पाहता हा कडकपणा योग्यच आहे. सोडायचं ते आधी सोडा, मग फेका.

गैरसमज: खराब पॉइंटर वाचला की थ्रो होतो.

ती यंत्रणा निराळी आहे. कर्नेलच्या एखाद्या डेटा-स्ट्रक्चरकडे बोट दाखवणाऱ्या पॉइंटरमधून बीपीएफ प्रोग्रॅम थेट वाचतो, तेव्हा त्या वाचनाची नोंद एक्सेप्शन टेबलात असते. वाचताना फॉल्ट आला तर कर्नेल ती नोंद शोधतो, रजिस्टरात शून्य घालतो आणि पुढच्या सूचनेपासून काम चालू ठेवतो. स्टॅक उलगडत नाही, कॉलबॅक चालत नाही, प्रोग्रॅमला काही कळतही नाही. म्हणून अशा वाचनातून शून्य हाती आलं, तर ते खरं मूल्य आहे की फसलेलं वाचन, याचा विचार तुमच्या कोडमध्ये तुम्हीच करून ठेवा.