मॅकिंटॉशची गाठोडी लिनक्सवर सोडताना

जुन्या मॅकिंटॉशवरची आवळलेली फाइल बहुधा ‘स्टफइट’ या प्रोग्रॅमने बांधलेली असते. न्यूयॉर्कच्या स्टायव्हसंट हायस्कूलमधल्या रेमंड लाऊ या विद्यार्थ्याने तो 1987 मध्ये लिहिला आणि पुढे तो अलादीन सिस्टिम्स कंपनीकडे गेला. बिल गुडमन यांचा ‘कॉम्पॅक्ट प्रो’ त्याच काळातला. 1990च्या दशकात मराठी छापखान्यांत आणि जाहिरात संस्थांत मॅकवर अंक, पत्रिका, पुस्तके जुळवली जात होती. त्यांची जपून ठेवलेली कामे आज अशा गाठोड्यांत बंद आहेत.

मॅकची एक फाइल म्हणजे खरे तर दोन फाइली. पहिल्या फाट्यात, म्हणजे डेटा फोर्कमध्ये, मजकूर असतो. दुसऱ्यात, रिसोर्स फोर्कमध्ये, चित्रचिन्हे, खिडक्यांची मांडणी, फॉन्ट आणि पुष्कळदा प्रोग्रॅमचा कोडही असतो. यांतला एक फाटा हरवला की फाइल अपुरी राहते. डॉस, विंडोज आणि लिनक्स यांच्या नेहमीच्या फाइलव्यवस्थेत या दुसऱ्या फाट्याला सहसा जागा नव्हती. म्हणून मॅकवाले फाइल बाहेर पाठवण्याआधी ती बांधून घेत. स्टफइटने जागा वाचवली, पण त्याचे मोठे काम दोन्ही फाटे एकत्र राखण्याचे होते.

ते काम कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. जुन्या स्टफइट फाइलीचा मथळा फक्त 22 बाइटांचा. त्यात आधी ‘एसआयटी’ आणि उद्गारचिन्ह अशी चार बाइटांची खूण, मग आतल्या नोंदींची संख्या, मग एकूण लांबी, आणि त्यानंतर चार अक्षरे: आर, एल, ए, यू. रेमंड लाऊ यांची ही सही जगभरच्या लाखो फाइलींत जशीच्या तशी उतरली आणि आजचे प्रोग्रॅमही तीच पाहून गाठोडे ओळखतात. पुढे प्रत्येक फाइलीसाठी 112 बाइटांची नोंद. तीत दोन्ही फाट्यांची आवळण्याची पद्धत वेगवेगळी लिहिलेली असते, कारण मजकूर एका रीतीने चांगला दबतो आणि चित्रचिन्हे दुसऱ्या रीतीने. शाळकरी मुलाने केलेली ही आखणी आजही वाचता येते, याचे श्रेय तिच्या नेटकेपणाला आहे.

ईमेलने आलेल्या गाठोड्यावर बऱ्याचदा आणखी एक वेष्टन असते. त्याचे नाव बिनहेक्स. ते सारे बाइट साध्या 64 चिन्हांत मांडते, म्हणजे केवळ मजकूर नेणाऱ्या वाहिनीतूनही फाइल सुखरूप जाते.

लिनक्सवर ही सारी वेष्टने उतरवणारे मुख्य साधन म्हणजे दाग ओग्रेन यांच्या ‘द अनआर्काइव्हर’चे आदेश-ओळीवरचे रूप. डेबियन आणि उबुंटूत ते यूएनएआर या चार अक्षरांच्या नावाने मिळते. सोबतचा एलएसएआर हा आदेश गाठोडे न सोडता आतली यादी दाखवतो, तो आधी चालवावा. सोडल्यावर दुसरा फाटा वेगळ्या फाइलीत, नावापुढे ‘आरएसआरसी’ जोडून ठेवला जातो. तो निरुपयोगी समजून पुसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

खऱ्या अडचणी त्यानंतर सुरू होतात. मॅकचे पोस्टस्क्रिप्ट फॉन्ट संपूर्णपणे दुसऱ्या फाट्यात राहत. त्यामुळे लिनक्सवर फॉन्टची फाइल शून्य बाइटांची दिसते आणि पाहणारा ती बिघडली असे समजतो. जॉर्ज विल्यम्स यांचे ‘फॉन्डू’ आणि ‘फॉन्टफोर्ज’ हे प्रोग्रॅम त्या फाट्यातून फॉन्ट बाहेर काढतात.

फॉन्ट हाती आला तरी मराठी मजकूर वाचता येईलच असे नाही. त्या काळचे देवनागरी फॉन्ट आठ बिटांचे होते. इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे बसवलेली, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. फॉन्ट नसला की जोडाक्षरांच्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हे उमटतात. बेंगळूरच्या सायबरस्केप मल्टिमीडियाने आपले काही ‘आकृती’ फॉन्ट पुढे जीपीएल परवान्याखाली खुले केले, ही मोठी सोय झाली. तरीही प्रत्येक मांडणीसाठी युनिकोडमध्ये रूपांतर करणारा वेगळा तक्ता लागतो, आणि ऱ्हस्व वेलांटी व रफार यांची जागा बदलताना चुका राहतातच. ओळ संपल्याची खूणही वेगळी: मॅकवर 13 क्रमांकाचे चिन्ह, लिनक्सवर 10 क्रमांकाचे. ते बदलले नाही तर पूर्ण लेख एकाच ओळीत येतो.

काही फाइली मात्र लिनक्सवर सुटूनही उघडत नाहीत, कारण त्या वाचणारा पानजुळणीचा प्रोग्रॅमच मॅकबाहेर नाही. अशा वेळी बॅसिलिस्क टू किंवा शीपशेव्हर या अनुकारकांत जुनी प्रणाली चालवून त्या तिथेच उघडाव्या लागतात. फ्लॉपीचा प्रश्न याहून कठीण आहे. 800 किलोबाइटांच्या मॅक फ्लॉपीसाठी मॅकचा ड्राइव्ह फिरण्याचा वेग बदलत असे, त्यामुळे पीसीचा साधा ड्राइव्ह ती वाचू शकत नाही. 1.44 मेगाबाइटांची फ्लॉपी मात्र वाचता येते. ज्या छापखान्यांकडे किंवा घरांत अशा फ्लॉपी पडून असतील, त्यांनी त्या फ्लॉपींची प्रत आताच काढून घ्यावी, आणि मूळ गाठोडे सोडल्यावरही पुसू नये.