विडी वळणाऱ्या आईचं बाळ कोण सांभाळणार?

कर्नाटकातल्या निपाणीच्या गल्ल्यांत विडीचं काम घरातच चालतं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, शेजारी रांगणारं मूल. मजुरी मिळते हजार विड्यांच्या हिशेबाने. बाळाला उचललं की हात थांबतो, हात थांबला की मजुरी बुडते. जवळ ठेवावं तर तंबाखूची धूळ त्याच्याही नाकात जाते. मग मोठ्या बहिणीची शाळा सुटते, नाहीतर थकलेल्या आजीवर सगळं येऊन पडतं.

या बाईला परवडेल असं पाळणाघर का निघत नाही? हिशेब करून पाहावा. तान्ही मुलं एका बाईला चार-पाचच नीट सांभाळता येतात. तिला दिवसाची रास्त मजुरी द्यायची, तर प्रत्येक आईने आपल्या कमाईचा मोठा वाटा द्यायला हवा. दूध, जागा, स्वच्छता यांचा खर्च वेगळा. फी कमी केली की सांभाळणारीचा पगार कापला जातो, आणि तीही गरीबच असते. आयांच्या पैशांवर चांगलं पाळणाघर चालत नाही, ते याच कारणाने.

कायदा काय म्हणतो?

विडी आणि सिगार कामगारांच्या 1966 च्या कायद्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची तरतूद होती. पण ती ठरावीक संख्येने बायका कामाला असणाऱ्या कारखान्यांपुरती. ठेकेदाराने पानं-तंबाखू घरोघर वाटली की मोजायला कारखानाच उरत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी हा कायदा मोडीत काढला. आता पन्नासहून जास्त कामगारांची अट आहे आणि मोजणी पुन्हा आस्थापनेचीच. विडी कामगारांच्या कल्याणनिधीतून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरकुलं चालत. त्याला पैसा पुरवणारा उपकर 2017 मध्ये जीएसटी येताच बंद झाला.

अंगणवाडी 1975 पासून आहे. पण तिथली बालशाळा तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहानांना पोषण आहार आणि लस मिळते, दिवसभर सांभाळ मिळत नाही. ही उणीव ओळखून कर्नाटक सरकारने 2023 मध्ये चार हजार ग्रामपंचायतींसाठी ‘कूसिन मने’ ही पाळणाघरांची योजना जाहीर केली. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांची मजुरी रोजगार हमीतून भागवायची, ही तिची रचना. विचार अगदी योग्य. मात्र निपाणी किंवा बेळगाव शहरातल्या वस्त्यांना ग्रामपंचायत नाही, म्हणून ही योजना त्यांच्या दारात येत नाही. शहरांसाठी केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. 2022 पासून तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय झाली आहे.

मार्ग निघू शकतो

नव्या संहितेतली एक तरतूद इथे फार मोलाची आहे: अनेक आस्थापनांना पैसा एकत्र करून सामाईक पाळणाघर काढता येतं, किंवा नगरपालिकेचं पाळणाघर वापरता येतं. निपाणीत हे जमवता येईल. पालिकेने वस्तीत खोली द्यावी, ‘पाळणा’तून अनुदान मागावं, आणि घरी काम देणाऱ्या विडी कारखानदारांनी हजार विड्यांमागे ठरावीक रक्कम घालावी. सांभाळणाऱ्या बायका त्याच गल्लीतल्या हव्यात. बाळ मराठी ऐकत असेल तर मराठीत, कन्नड ऐकत असेल तर कन्नडमध्ये त्याच्याशी बोलणाऱ्या. वेळ आयांच्या कामाची हवी, कचेरीची नव्हे.

हे सारं मागून मिळवायची ताकद या गावात आहे. 1980 च्या सुमारास इथल्या वखारींतल्या तंबाखू कामगार बायकांनी संघटना बांधली. त्यांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रीवादी गटाने 1982 मध्ये चित्रपट केला, छाया दातार यांनी पुस्तक लिहिलं. त्या बायकांनी मजुरी आणि माणुसकीची वागणूक मागितली होती. त्यांच्या नातींनी आता पाळणाघर मागायला हवं, आणि पालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी तरतूद करून घ्यायला हवी. मागणाऱ्या बायकांच्या मागे गावाने उभं राहावं, कारण निपाणीच्या बाजारपेठेची भरभराट त्यांच्याच हातांनी झाली आहे.