गोधडीची सफाई शिलाईत आणि शिलाईची इस्त्रीत

गोधडी शिवणे याला आपल्याकडे कुणी धंदा म्हणत नसे. जुनी साडी, विटलेली लुंगी, चादरीचा झिजलेला मधला भाग काढून उरलेले काठ असे थरावर थर घालून पावसाळ्याआधी घरोघर गोधडी शिवली जाई आणि घरातच वापरून संपे. वापरणारी माणसे घरची, तेव्हा टाका तिरका गेला तरी माप लावून पाहणारा कुणी नव्हता. आता गोधडी विकत मागणारे गिऱ्हाईक आले आहे. त्याला नव्या सुती कापडाचे चौकोन जोडून केलेली, विशेषतः लहान मुलांची गोधडी हवी असते. हे गिऱ्हाईक माल उलगडते, उजेडात धरते आणि कोपऱ्यावर कोपरा ठेवून पाहते.

वीर आणि आसपासच्या वाड्यांतील काही भगिनींनी हे काम हाती घेतले आहे. १९९३ साली कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा सुरू झाल्यापासून इथला माल मुंबईला नेणे सोपे झाले. परंतु नापसंत माल परतही त्याच वाटेने येतो. मागे एका दुकानदाराने बारा गोधड्यांपैकी सात परत केल्या. कापड उत्तम होते, रंगांची निवडही चांगली होती. तक्रार एवढीच की चौकोनांचे कोपरे जुळत नाहीत आणि एक बाजू दुसरीपेक्षा इंचभर आखूड आहे. शिवणाऱ्या बाईंचे म्हणणे, "भाईसाहेब, मी सगळे तुकडे सारखेच कापले होते." आणि ते खरेच होते. मी स्वतः टेप लावून पाहिली. कापणी बरोबर होती, फरक टिपेत पडला होता.

हा हिशेब नव्याने शिकणाऱ्याने एकदा कागदावर मांडावा. पाच इंचाचे नऊ चौकोन एका ओळीत जोडायचे आहेत. जोडाला दोन्ही बाजूंनी पाव इंच, म्हणजे दोन दोन सूत कापड जाते. नऊ तुकड्यांना आठ जोड, म्हणून पंचेचाळीस इंचांतून चार इंच वजा जाऊन ओळ एकेचाळीस इंचाची व्हावयास पाहिजे. आता टीप दोन सुतांऐवजी अडीच सुतांवर पडली असे समजा. अर्धे सूत डोळ्याला दिसतही नाही. पण प्रत्येक जोडात ते दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणजे एक सूत. आठ जोडांत आठ सूत, म्हणजे पुरा एक इंच. एक ओळ एकेचाळीसची, दुसरी चाळीसची. मग ती ओढून ताणून बसवायची आणि पहिल्या धुण्यात चुण्या पडल्या की कापडाला दोष द्यायचा!

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. मशीनच्या दाबपायाच्या कडेवर भरवसा ठेवू नये, कारण प्रत्येक मशीनचा दाबपाय सुईपासून पाव इंचावर असतोच असे नाही. सुई खाली घेऊन तिच्यापासून उजवीकडे दोन सूत मोजावेत आणि तेथे मशीनच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावावेत. कापडाची कड त्या पट्टीला घासून चालवली की टीप सरळ पडते. नजर सुईवर नको, पट्टीवर हवी. मग दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या जोडून इस्त्री करावी. मधली पट्टी बरोबर एक इंच भरली तर मशीन तयार. कमी भरली तर चिकटपट्टी केसभर सुईकडे सरकवावी. कापड दुमडताना दोऱ्याची जाडीसुद्धा थोडी जागा खाते, म्हणून दोन सुतांपेक्षा टीप किंचित आत असलेली चालते, बाहेर गेलेली चालत नाही. टाके इंचाला दहा-बारा पुरेत.

आता इस्त्री. आमच्या कापड बाजारातले लोकदेखील इस्त्रीला शेवटचे काम समजतात. गोधडीत ते प्रत्येक टिपेनंतरचे काम आहे. त्यातही कपड्याला इस्त्री करणे आणि जोड दाबणे यात फरक आहे. सदऱ्यावर इस्त्री पुढेमागे फिरवतात. जोडावर ती फिरवू नये. ठेवावी, दाबावी, उचलून पुढे ठेवावी. फिरवली की कापड ताणते, आणि उरेब कापलेले त्रिकोण असतील तर त्यांचा आकारच जातो. प्रथम टीप आहे तशीच, तुकडे न उघडता दाबावी, म्हणजे दोरा कापडात बसतो. मग सुलट बाजूने तुकडा उघडून जोडावर इस्त्री ठेवावी. दाब गडद कापडाकडे वळवावा, नाहीतर फिक्या कापडातून त्याची सावली दिसते. एका ओळीचे सगळे दाब उजवीकडे, खालच्या ओळीचे डावीकडे. अशाने दोन ओळी जोडताना कोपरे एकमेकांत अडकून बसतात आणि बोटालाच कळते की जुळले. परत आलेल्या सात गोधड्यांत दाब वाटेल तिकडे वळलेले होते.

इस्त्री गादीवर करू नये. टेबलावर एक जाड सुती चादर पुरे. वीज नसेल त्या वेळी नखाने किंवा लाकडी पट्टीने जोड घासून बसवावा, काम अडत नाही. पूर्वी निखारे भरलेल्या पितळी तांब्याने इस्त्री करणारी घरे होतीच. कोळशाच्या इस्त्रीखाली मात्र फडके घालावे, काजळीचा एक ठिपका पांढरा चौकोन वाया घालवतो. सुती कापडाला तीन ठिपक्यांची उष्णता चालते; टेरिकॉटचा तुकडा त्यात मिसळला असेल तर तो चकाकतो किंवा आकसतो. शिंप्याकडून कतरणी आणणाऱ्यांनी म्हणून आधी निवड करावी.

कापण्यापूर्वी कापड धुऊन घ्यावे. मांजरपाटाचे अस्तर पहिल्या पाण्यात आटते आणि वरची सगळी शिलाई सुरकुतते. लाल आणि गडद निळ्या कापडावर ओले पांढरे फडके घासून रंग पाहावा. आपल्याकडच्या पावसात शिवलेला माल दमट असताना घडी घालू नये, बुरशी धरते. इस्त्रीने सुकवून, गार होऊ देऊन मगच घडी.

सगळ्याच गोधड्यांना हा नियम लागू नाही, हेही सांगितले पाहिजे. जंजिऱ्यामुळे सिद्दी हे नाव आपल्या जिल्ह्याला परिचित आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात, तिच्यात तुकडे आधी जोडत नाहीत. ठिगळाची कड आत दुमडून थेट थरांवर धावदोरा घालतात, बाहेरच्या कडेपासून फिरत फिरत मध्याकडे येतात आणि चार कोपऱ्यांना फुले लावतात. २०११ साली न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग सेंटरमध्ये अशा कवंदींचे प्रदर्शन भरले होते. त्या कामात वाकडेपणा शोभतो, कारण गिऱ्हाईक त्यासाठीच येते. चौकोन जोडून केलेल्या मालात तोच वाकडेपणा दोष ठरतो.

व्यापारी बंधूंसाठीही दोन शब्द. गोधडीमागे मजुरी ठरवताना आपण टिपेचे पैसे धरतो, इस्त्रीचे धरत नाही. नऊ ओळींच्या गोधडीत ओळींतले बहात्तर जोड आणि ओळी जोडणाऱ्या आठ लांब टिपा दाबाव्या लागतात. त्याचा वेळ आणि वीज बाईच्या पदरातून जाणार असेल तर ती इस्त्री टाळणार, हे उघड आहे. माल परत करताना "फिनिशिंग नाही" एवढेच म्हणून पैसे कापणेही योग्य नव्हे. कुठल्या ओळीत किती सूत गेले ते टेप लावून दाखवावे. वीरच्या त्या सात गोधड्यांपैकी चार उसवून, जोड दाबून पुन्हा शिवल्या आणि त्या विकल्या गेल्या. उरलेल्या तिघींचे चौकोन ताणून इतके वाकडे झाले होते की त्यांची लहान दुपटी करावी लागली.