साबणाच्या वडीची स्वच्छता

घरातील पाच-सात माणसे ज्या एकाच वडीने दिवसभर हात धुतात, ती वडी स्वतः कितपत स्वच्छ राहते, अशी शंका पुष्कळांच्या मनात येते. आणि वडीच्या भेगांत बसलेली काळसर रेघ किंवा साबणदाणीच्या तळाशी साचलेला बुळबुळीत लगदा पाहिला म्हणजे ती शंका अगदीच अनाठायी आहे असे म्हणवत नाही.

वापरातल्या ओल्या वडीवर जंतू आढळतात, ही गोष्ट प्रयोगशाळांतील तपासणीने निर्विवाद सिद्ध झालेली आहे. परंतु वडीवर जंतू असणे ही एक बाब आणि हात धुऊन झाल्यावर ते हातावर उरणे ही दुसरी. अमेरिकेतील हाइन्झे व याकोविच या संशोधकांनी वडीवर मुद्दाम जंतू लावून, तेही वापरातल्या वड्यांवर सामान्यतः आढळतात त्यांच्या सुमारे ७० पट, १६ व्यक्तींना तिने हात धुवायला लावले, तेव्हा एकाच्याही हातावर ते जंतू सापडले नाहीत, असे त्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केले. हे संशोधक साबणाच्या धंद्यातीलच एका कंपनीचे नोकर होते, हे ध्यानात ठेवणे इष्ट. तथापि त्यांच्या निष्कर्षामागील कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. साबणाच्या रेणूचे एक टोक स्निग्ध पदार्थाला धरते व दुसरे पाण्याला. त्यामुळे हात चोळताना तेलकट मळ सुटतो, त्याबरोबर जंतूही सुटतात, आणि वडीवरून नुकतेच हातावर आलेले जंतू त्याच ओघात वाहून जातात. मात्र त्यासाठी हात नीट चोळले पाहिजेत व वाहत्या पाण्याखाली धुतले पाहिजेत.

खरी काळजी घ्यावयाची ती ओलाव्याची, कारण साचलेल्या पाण्यात जंतूंना आयता आश्रय मिळतो. म्हणून साबणदाणीला भोके असावीत, तिच्यातला लगदा वरचेवर काढून टाकावा, आणि वडी हाती घेताच प्रथम पाण्याखाली धरावी. रुग्णालयांसाठी २००२ साली निघालेल्या अमेरिकन मार्गदर्शिकेतही वड्या लहान असाव्यात व पाणी निथळेल अशा जाळीवर ठेवाव्यात, अशीच शिफारस आहे. घरात कुणाला जखम असेल वा त्वचेचा संसर्ग झाला असेल, तर त्याची वडी निराळी ठेवणे हेच शहाणपणाचे. बाटलीतला पातळ साबणही या नियमाला अपवाद नाही. न धुता पुनःपुन्हा भरलेल्या बाटलीतही जंतू वाढतात.

एवढी दक्षता घेतल्यावर सामायिक वडीच्या भयाने नुसत्या पाण्याने हात खळबळणे हा आरोग्याचा निष्कारण तोटा आहे, आणि तो कोणीही पत्करू नये.