मिक्सरच्या पुढचा घास

डाऊन सिंड्रोम असलेल्या लहान मुलाच्या खाण्याबद्दल घरात आणि दवाखान्यात जे प्रश्न विचारले जातात, ते बहुतेक प्रमाणाचे असतात. दिवसातून किती वेळा खातं, वाटी संपवतं का, वजन वाढलं का? हे प्रश्न रास्तच आहेत. पण त्यांच्याइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न राहून जातो: वाटीत जे होतं ते किती दाट आणि किती भरड होतं? दोन वर्षांचं मूल मिक्सरमधून काढलेली खिचडी, नाचणीचं सत्त्व आणि दूध यांवर व्यवस्थित वाढत असेल, तर त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. दात यायचेत, घशात अडकेल, जरा मोठं झालं की शिकेल, अशी कारणं प्रेमापोटीच दिली जातात. या लेखाचं म्हणणं असं की ही वाट पाहणं मुलाला महागात पडतं. चावणं हे कौशल्य आहे आणि ते चावण्याजोगं अन्न तोंडात आल्याशिवाय येत नाही. ज्या मुलाला ते शिकायला जास्त सराव लागणार आहे, त्यालाच आपण सरावाची संधी सर्वांत उशिरा देतो.

या मुलांना चावणं जड का जातं, हे आधी पाहू. साधारण 700 ते 1000 जन्मांमागे एका बाळात 21व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. हे कारण 1959 मध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. या जादा गुणसूत्रामुळे स्नायू शिथिल राहतात, सांध्यांचे बंध सैल असतात आणि चेहऱ्याच्या मधल्या भागाची हाडं कमी वाढतात. जीभ मोठी असल्यासारखी बाहेर डोकावते, पण बऱ्याच मुलांत ती नेहमीच्याच आकाराची असते; टाळू अरुंद आणि तोंडाची पोकळी लहान असल्यामुळे तिला जागा पुरत नाही. ओठ घट्ट मिटत नाहीत, जबडा डळमळतो. पहिला दात सहाव्या-सातव्या महिन्याऐवजी बऱ्याचदा वर्ष उलटल्यावर येतो, कधी दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास. आधाराशिवाय बसणंही काही महिने लांबतं. सुमारे निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो. अशा बाळाला दूध पितानाच धाप लागते. म्हणजे अडचणी खऱ्या आहेत. पण यातली एकही अडचण मूल चावणं शिकूच शकत नाही, असं सांगत नाही. शिकायला वेळ आणि मदत जास्त लागेल, एवढंच त्या सांगतात.

उकडलेल्या रताळ्याचा बोटाएवढा तुकडा तोंडात गेल्यावर काय काय घडावं लागतं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. जबड्याने योग्य तेवढाच दाब देऊन तुकडा तोडायचा. जिभेने तो मधून उचलून दाढांच्या जागी, म्हणजे हिरडीच्या मागच्या भागावर नेऊन ठेवायचा. गालाने आतून आधार द्यायचा, म्हणजे तो गालफडात घसरत नाही. मग जबडा वरखाली आणि किंचित गोल फिरवायचा, लाळेत कालवलेला लगदा पुन्हा जिभेवर गोळा करायचा, ओठ मिटायचे आणि गिळायचं. तान्ह्या बाळाच्या जिभेला सुरुवातीला एकच हालचाल येते, पुढे-मागे, दूध ओढण्याची. वरखाली आणि बाजूला जाण्याच्या हालचाली नंतर येतात. जिभेच्या कडेला काही लागलं की जीभ त्या बाजूला वळते ही प्रतिक्षिप्त क्रिया बाळात जन्मापासून असते. बाजूला ठेवलेला घास तिचा उपयोग करून घेतो आणि हळूहळू ती हालचाल इच्छेनुसार होऊ लागते. मिक्सरमधली गुळगुळीत पेस्ट यातलं काहीच मागत नाही. ती जिभेच्या मधोमध पडते आणि पुढे-मागे होणाऱ्या जुन्याच हालचालीने घशाकडे ढकलली जाते. पोट भरतं, पण जिभेला बाजूला वळण्याचं कारणच मिळत नाही.

उशीर करण्याची किंमत असते, हे वैद्यकात नवं नाही. रोनाल्ड इलिंगवर्थ आणि जे. लिस्टर या ब्रिटिश डॉक्टरांनी 1964 मध्येच मांडलं होतं की चावायला शिकण्याचा एक संवेदनशील काळ असतो आणि तो निसटला तर मूल पुढे घट्ट अन्न नाकारू लागतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात 1991-92 च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांच्या पाहणीतून याला दुजोरा मिळाला. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, दहा महिन्यांनंतर गुठळ्या असलेलं अन्न सुरू झालेल्या मुलांना पंधराव्या महिन्यात खाण्याच्या अडचणी जास्त होत्या. त्याच मुलांकडे सातव्या वर्षी पाहिलं, तेव्हा भरड अन्न नऊ महिन्यांनंतर मिळालेली मुलं फळं-भाज्या कमी खात होती आणि खाण्याच्या तक्रारीही त्यांच्यातच जास्त होत्या. हा अभ्यास 2009 चा. डाऊन सिंड्रोमपुरतं बोलायचं, तर नेदरलँड्समधला 1998 चा एक अभ्यास बोलका आहे. या मुलांना पोषणद्रव्यं पुरेशी मिळत होती, पण घट्ट अन्न उशिरा सुरू झालं होतं. वजनाच्या काट्यावर सारं ठीक दिसत असतानाच शिकण्याचे महिने कसे निघून जातात, हे यात दिसतं.

यावर एक आक्षेप लगेच घेता येईल. ज्या मुलांना मुळात गिळायला त्रास होतो, त्यांचेच पालक भरड अन्न लांबवत असतील. मग उशीर हा अडचणींचं कारण नसून परिणाम आहे. हा आक्षेप वजनदार आहे. निरीक्षणावर आधारलेला अभ्यास कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध करत नाही, आणि ब्रिस्टलची पाहणी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांवर केलेली नव्हती. पण उशिराचं कारण तोंडाबाहेरचं असतं, अशी उदाहरणंही आहेत. पोटाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे ज्या बाळांना फार काळ नळीने दूध द्यावं लागतं, ती बरी झाल्यावरही तोंडाशी आलेला घास अनेकदा झिडकारतात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या जबड्यात किंवा जिभेत मूळ दोष नसतो, अनुभव मात्र हुकलेला असतो. शिवाय कारण आणि परिणाम दोन्ही बाजूंनी चालत असतील, तर डाऊन सिंड्रोममध्ये चिंता वाढते. स्नायू शिथिल म्हणून अन्न पातळ, अन्न पातळ म्हणून सराव नाही, सराव नाही म्हणून पुन्हा पातळच, असं हे चक्र आहे. स्नायूंचा जन्मजात ताण आपल्या हातात नाही. वाटीतलं अन्न आहे.

सर्वांत मोठी भीती घशात अडकण्याची आणि ती मुळीच खोटी नाही. या मुलांमध्ये अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत उतरण्याचा धोका जास्त असतो. त्यातली घातक गोष्ट अशी की अनेकदा ते बिनआवाज घडतं: ठसका नाही, खोकला नाही. गिळण्याची क्रिया क्ष-किरणांखाली पाहणाऱ्या व्हिडिओफ्लुरोस्कोपी तपासणीत हे वारंवार दिसलं आहे. पण अशा तपासण्यांत सर्वाधिक त्रासदायक ठरतात ते पाण्यासारखे पातळ पदार्थ, कारण ते वेगाने घशात उतरतात आणि शिथिल स्नायूंना वेळेवर वाट बंद करता येत नाही. म्हणजे पातळ ते सुरक्षित, हे गृहीतच चुकीचं आहे. मांडीवर आडवं घेऊन बोंडल्याने दूध ओतण्याची जुनी पद्धत या मुलांसाठी म्हणूनच धोक्याची. वारंवार छाती भरणं, न्यूमोनिया, खाताना धाप लागणं, ओठ निळसर होणं, खाल्ल्यावर घरघर किंवा ओलसर आवाज येणं, यांपैकी काहीही असेल, तर घट्ट अन्नाच्या आधी गिळण्याची तपासणी व्हायला हवी. तशी लक्षणं नसतील, तर नव्या घासाला येणारी ओकारीची उबळ आणि श्वास कोंडणं यांतला फरक ओळखायला शिकावं. उबळ येताना आवाज होतो, चेहरा लाल होतो आणि मूल घास पुढे आणतं. हा शिकण्याचाच भाग आहे. श्वास कोंडलेल्या मुलाचा आवाज बंद होतो, आणि तेव्हा करायचे प्रथमोपचार घरातल्या प्रत्येकाला यायला हवेत. शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे हे पदार्थ दूरच ठेवावेत. संक्रांतीच्या बोरन्हाणात डोक्यावरून ओतलेली बोरं, हलवा आणि उसाचे करवे मुलाच्या हाती आणि मग तोंडात जातात. तिथे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यायला हवं.

दात आलेले नाहीत ही सबब मात्र टिकत नाही. मऊ अन्न चुरडायला हिरड्या पुरतात. समोरचे दात तोडण्यासाठी असतात आणि दाढा सगळ्याच मुलांना वर्षानंतर येतात. तयारीची खूण पाहायची ती मानेत आणि पाठीत: आधाराने बसवल्यावर मान स्थिर राहते का, मूल अन्नाकडे पाहून तोंड उघडतं का, हातातली वस्तू तोंडात नेतं का. उष्टावण सहा महिन्यांच्या सुमारास होत असलं, तरी या खुणा दिसायला काही मुलांना आणखी आठवडे लागतात आणि तेवढं थांबणं योग्यच. पण सुरुवात झाल्यावर अन्नाचा दाटपणा त्याच जागी अडकून राहता कामा नये.

भरवण्याची पद्धत यात फार मोलाची ठरते. मूल ताठ बसलेलं हवं. कंबर, गुडघे आणि घोटे काटकोनात, पाठीला आधार आणि पावलं टेकलेली. पावलं लोंबकळत असली की शिथिल धड सावरण्यातच शक्ती जाते आणि जबड्याला स्थैर्य मिळत नाही. खुर्ची नसेल तर लहान स्टूल आणि पायाखाली पाट एवढ्यानेही काम भागतं. चमचा उथळ असावा, तो समोरून सरळ आत न्यावा, जिभेवर हलकासा दाबावा आणि वरचा ओठ खाली येईपर्यंत थांबावं. घाईत आपण चमचा वरच्या ओठावर किंवा हिरडीवर पुसून घेतो. त्याने ओठाचं काम आपणच करून टाकतो. दाटपणाच्या पायऱ्या आपल्या स्वयंपाकात सहज सापडतात. गुळगुळीत पेस्टनंतर चमच्यावर उभी राहील अशी घट्ट खिचडी, मग काट्याने कुस्करलेला मऊ भात आणि लाल भोपळा, मग बोटाएवढे रताळं, पपई, केळं, इडली, पुढे धिरड्याची पट्टी आणि मऊ पोळी. हे तुकडे मधोमध न ठेवता कधी उजव्या, कधी डाव्या हिरडीवर ठेवावेत. एक सापळा मात्र ओळखायला हवा: पातळ वरणात तरंगणारा भात किंवा दुधात भिजलेली पोळी सोपी वाटते, प्रत्यक्षात ती अवघड आहे. घन भाग चावला जात असतानाच पातळ भाग घशात उतरतो, आणि दोन्ही एकाच वेळी सांभाळणं ही फार पुढची पायरी आहे.

यावर वजनाची काळजी करणारे आईवडील म्हणतील की असं शिकवत बसलो तर पोटात जाणार काय? हृदयाच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या बाळाच्या बाबतीत ही काळजी सर्वांत आधी, आणि तिथे डॉक्टर सांगतील तेच करावं. इतरांसाठी उपाय असा की पोटाचं आणि सरावाचं जेवण वेगळं धरायचं. जेवणाच्या सुरुवातीला, मूल ताजंतवानं असताना चार-पाच घास सरावाचे. उरलेली वाटी त्याला सहज जमणाऱ्या दाटपणाची, तूप घालून पौष्टिक केलेली. यात वजन घटण्याचं कारण नाही. मूल दमलं की सराव थांबवावा. बद्धकोष्ठता आणि थायरॉइडच्या तक्रारी या मुलांत नेहमीच्या आहेत आणि त्यांनीही भूक मरते. म्हणून मूल खात नसेल तर हट्टी ठरवण्याआधी त्या तपासून घ्याव्यात.

शिट्ट्या फुंकणं, गालांचा मसाज, व्हायब्रेट होणारे ब्रश यांनी तोंडाचे स्नायू बळकट होतात आणि चावणं आपोआप येतं, असंही सांगितलं जातं. पण स्नायूंचं शिक्षण ज्या कामाचं असतं त्या कामाशी बांधलेलं असतं, आणि अशा सुट्या व्यायामांचा खाण्यावर होणारा परिणाम भक्कम पुराव्याने दाखवला गेलेला नाही. त्यावर जाणारा वेळ खऱ्या घासावर घालवणं शहाणपणाचं. या मुलांचं एक बलस्थान मात्र संशोधनात पुन्हा पुन्हा दिसतं: ऐकून शिकण्यापेक्षा पाहून शिकणं त्यांना सोपं जातं. म्हणून ‘चाव, चाव’ असं सांगत राहण्यापेक्षा समोर बसून, तोंडाची हालचाल ठळक करून चावून दाखवणं जास्त उपयोगी. मुलाला आधी वेगळं भरवून मग मोठ्यांनी जेवायला बसणं, किंवा मोबाइल दाखवत घास आत ढकलणं, यात हे पाहणंच हिरावलं जातं. घरच्या पंगतीत त्याची जागा असणं ही इथे उपचाराचीच गोष्ट आहे.

या सगळ्याचा भार एकट्या आईवर टाकणं अन्यायाचं होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाऊन सिंड्रोमची तपासणी 2013 पासून समाविष्ट आहे आणि पुढच्या मदतीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची रचना आहे. गिळण्याच्या आणि चावण्याच्या अडचणींत मदत करणं हा स्पीच थेरपिस्टच्या प्रशिक्षणाचा भाग आहे, फक्त बोलणं शिकवण्यापुरतं त्यांचं काम नाही. हे पालकांनाच काय, कित्येक डॉक्टरांनाही सांगावं लागतं. मूल बोलत नाही म्हणून तिसऱ्या वर्षी जे कुटुंब त्यांच्याकडे पोहोचतं, ते खाण्यासाठी सहाव्या-सातव्या महिन्यातच पोहोचायला हवं. यासाठी महाग यंत्रं किंवा नवी योजना लागत नाही. लसीकरणाच्या आणि तपासणीच्या प्रत्येक भेटीत वजन-उंचीच्या शेजारी एक नोंद वाढवावी: मूल सध्या किती दाट अन्न खातं आणि मागच्या भेटीपासून त्यात काही बदल झाला का? सलग दोन भेटींत उत्तर तेच राहिलं, तर वजन कितीही चांगलं असो, त्या मुलाला थेरपिस्टकडे पाठवलं पाहिजे.