मोबाईलवर चालणारं वाफेचं इंजिन: डीसीसी म्हणजे काय?

एकाच रुळावर दोन मॉडेल ट्रेन उभ्या आहेत. मोबाईलवर बोट सरकवलं की एकच हलते. वीज तर दोघींना सारखीच मिळतेय, मग हे कसं?

याला डीसीसी म्हणतात, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. रुळातली वीज सतत उलटसुलट होत असते आणि उलटायला किती वेळ लागला यातच संदेश असतो. 58 मायक्रोसेकंद लागले तर 1, साधारण 100 किंवा जास्त लागले तर 0. प्रत्येक इंजिनात डिकोडर चिप असते, तिला स्वतःचा नंबर असतो. आपला नंबर आला तरच ती मोटर फिरवते. मोबाईल वायफायवरून फक्त कमांड स्टेशनला सांगतो. माझं स्टेशन आर्डुइनोवर चालतं. डीसीसी-ईएक्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

आवाजही डिकोडरच काढतो. जालन्याची मीटर गेज लाइन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, त्यामुळे इथलं वाफेचं इंजिन मी कधी पाहिलं नाही. आजोबांनी पाहिलंय. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून मुद्दाम आवाजाचं इंजिन घेतलं. ऐकून म्हणाले, "हे लंगडतंय रे. चाक मोज. एका फेरीत चारदा भक् व्हायला पाहिजे."

मोजलं, दोनदाच होत होतं. खऱ्या इंजिनाला दोन सिलिंडर, प्रत्येकात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे चार झालेच की! डिकोडरमधल्या अशा सेटिंगला सीव्ही म्हणतात. आकडा बदलला, परत चालवलं.

"हां," आजोबा म्हणाले, "आता निघाली परभणीकडं."