आधी खराटा, मग प्रश्न

लोकसंघटन शिकायचं तर कोणतं पुस्तक वाचावं, असं आम्हांला नेहमी विचारलं जातं. पुस्तकं पुष्कळ आहेत. पण दर्यापुरात बसून हे विचारणाऱ्यानं आधी आपला मुलूख पाहावा. अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. पुढे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. आज आपण त्यांच्याकडे संत म्हणून नाही, संघटक म्हणून पाहू.

पूर्णाकाठी ऋणमोचनला पौषात यात्रा भरते. काठावर चिखल, म्हातारी माणसं घसरायची. डेबूजींनी त्यावर भाषण दिलं नाही. टोपलं घेतलं आणि माती वाहायला लागले. बघणाऱ्यांचे हात हळूहळू लागले. पुढे तिथं घाट बांधला गेला. काम कसं निवडलं ते पाहा. ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढचं होतं, सगळ्या जातींच्या पायांखालचं होतं, आणि हातांनी होण्याजोगं होतं. पहिलं काम असंच लागतं. धरण आणि रेल्वे नंतर.

१९०५ मध्ये घर सोडल्यावर त्यांची रीत ठरून गेली. गावात शिरायचं, दिवसभर खराट्यानं गल्ल्या झाडायच्या, रात्री कीर्तन. आणि कीर्तन म्हणजे काय, तर वऱ्हाडीतून लोकांनाच प्रश्न. कर्ज कशापायी काढलं? देवापुढं बकरं कशाला? उत्तर श्रोत्यांच्या तोंडून निघायचं. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथं सॉक्रेटिस आठवतोच. तोही अथेन्सच्या बाजारात लोकांना प्रश्न विचारी, आणि लोक चिडत. बाबांवर चिडणं अवघड होतं, कारण सकाळी त्यांनी त्याच माणसाच्या दारची घाण काढलेली असे. प्रश्न विचारण्याचा हक्क त्यांनी कमावलेला होता. आपण हा क्रम उलटा करतो, आधी मीटिंग लावतो. (हल्ली तर खराटा फोटोपुरताच हातात असतो, ते सोडा.)

आता आपल्याकडं या. दर्यापूर खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीचं पाणी खारं, काळी जमीन. ‘पाणी तं खारंच हाय, मंग मीटिंग कायची?’ असं म्हणणारा माणूस प्रत्येक गावात भेटेल. त्याला समजावू नका. त्याच्या घरी जा आणि विचारा : पिण्याचं पाणी कुठून आणता, कोण आणतं, किती वेळ जातो? शंभर घरं अशी फिरलात की गावाचा नकाशा तुमच्याकडं येतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावाला कळतं की ही अडचण एकट्या घराची नाही. संघटन तिथं सुरू होतं.

मग बसायचं कुठं? पाटलाच्या ओसरीवर बसलात तर अर्धं गाव येणार नाही. बाया मागं उभ्या राहतील, बोलणार नाहीत. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असं आपल्या महाराष्ट्राचा कायदाच सांगतो. ती कागदावर होते की खरोखर, हे आपल्या गावात तपासून पाहा.

निर्णयाची गोष्ट गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडून घ्यावी. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळ्यांना ठाऊक असते. घोषणेमागचा अभ्यासगट फारसा कुणाला ठाऊक नसतो. तिथं लोक बसून विषय समजून घेतात, आणि ग्रामसभेत बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं ठरवतात. वेळ लागतो. पण एक्कावन्न विरुद्ध एकोणपन्नास असं ठरलं, तर खड्डा खणायला एकोणपन्नास जण येत नाहीत. याच गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

शेवटी पैसा. बाबांनी धर्मशाळा उभ्या केल्या, त्या स्वतःच्या नावावर ठेवल्या नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. तुमची वर्गणी दहा रुपयांची असो. कुणी किती दिले, कशावर खर्च झाले, हे चावडीच्या भिंतीवर लिहा, आणि लिहिणारी व्यक्ती दर महिन्याला बदला.